दीड वीत उंच : अंध वाचकांसोबत केलेला माझा एम.टेक. प्रोजेक्ट

नोव्हेंबर 2024 मध्ये माझी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली आणि एम.टेक. संपलं. प्रोजेक्ट होता छापील मराठी पान फोनच्या कॅमेऱ्यातून वाचून दाखवणाऱ्या ॲपचा. कोड कसा लिहायचा हे शोधलं की सापडतं. पण अंध माणसांना सोबत घेऊन चाचणी करायची तर परवानगी कुणाची लागते, संमतिपत्र कसं करायचं, त्यात किती महिने आणि किती पैसे जातात, हे मला कुणीच सांगू शकलं नव्हतं. दर वर्षी कुणी ना कुणी या विषयाला हात घालतं. त्यांच्यासाठी, जसं घडलं तसं लिहिते आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये विषयाचा फॉर्म भरायचा होता. माझ्या डोक्यात 'स्मार्ट काठी', म्हणजे अडथळा आला की वाजणारी काठी, पक्की होती. शंभर-दीडशे रुपयांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनोचा एक छोटा सर्किट बोर्ड, एक बझर, की झालं. गाइड मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "आधी एखाद्या अंधशाळेत जाऊन ये. मग सही करते."

शाळेत मुख्याध्यापकांना मी काठीची कल्पना सांगितली. ते शांतपणे उठले, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत नऊ काठ्या होत्या. काहींना चिकटपट्टी गुंडाळलेली, काहींच्या वायरी लोंबत होत्या, एकीची बॅटरी फुगून वर आली होती. प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या कॉलेजचं स्टिकर. "मुलं येतात, फोटो काढतात, काठी देऊन जातात," ते म्हणाले. "परत कुणी येत नाही." मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

घरी येऊन वाचत बसले. काठीवर आयआयटी दिल्लीत काही वर्षं नीट काम झालेलं आहे आणि त्यातून 2014 मध्ये 'स्मार्टकेन' बाजारात आली. साधी पांढरी काठी पायरी, खड्डा, दगड सांगते. पण उभ्या ट्रकचा मागचा भाग, उघडी खिडकी, खाली आलेली फांदी यांचा पत्ता काठीला लागत नाही आणि त्या थेट तोंडावर बसतात. स्मार्टकेन तीन मीटरपर्यंतचे असे गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखते आणि मूठ थरथरवून सांगते. दोन आठवड्यांत मी त्यात काय भर घालणार होते? मग नोटा ओळखण्याचा विचार केला. आताच्या 200 आणि 500 च्या नोटांची रुंदी सारखीच, 66 मिलिमीटर, आणि लांबीत फरक जेमतेम 4 मिलिमीटरचा, त्यामुळे बोटांना चकवा बसतो हे खरं आहे. पण त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' ॲप जानेवारी 2020 पासून आहेच.

विषय मिळाला तो दुसऱ्या खेपेला. त्याच शाळेत संगीत शिकवणारे एक सर आहेत, जन्मांध. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, खिशातून एक लिफाफा काढला आणि म्हणाले, "माझी काठी मला पुरते, बाळ. हे काय आलंय तेवढं सांग." बँकेचं पत्र होतं. केवायसीची मुदत संपून आठ दिवस झाले होते. लिफाफा त्यांच्या खिशात पंधरा दिवस होता, कारण असलं पत्र कुणाकडूनही वाचून घ्यावंसं त्यांना वाटत नव्हतं.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी सही केली.

सप्टेंबरमध्ये मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, कॅमेरा, स्पीकर आणि डबा असं मिळून 9,400 रुपयांचं सामान आणलं. फोटोतली अक्षरं ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर घेतलं. ते मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. स्वच्छ छापलेल्या पानावर शंभर अक्षरांमागे चारेक चुका येत होत्या. मी खूश होते. 15 ऑक्टोबरला पांढरी काठी दिन असतो. त्या वर्षी तो घटस्थापनेच्याच दिवशी आला होता. त्या कार्यक्रमात मी डबा घेऊन गेले. बँकेत टेलिफोन ऑपरेटर असलेल्या एका ताईंनी तो दोन्ही हातांनी चाचपला, वजन बघितलं आणि विचारलं, "हे वेगळं ओझं कशाला? फोन पर्समध्ये आहेच की. टॉकबॅक चालू असतो." टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधलीच सोय. त्या रात्री मी फोनसाठी कोड लिहायला घेतला. डबा पुढे ज्युनियरला 5,000 ला विकला. तुम्ही सुरुवात करत असाल तर सामान आणण्याआधी दोन-तीन माणसांना तुमचा विचार सांगून बघा, माझ्यासारखे पैसे जाणार नाहीत.

आता परवानगी. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी आमच्या कॉलेजात नव्हतीच. विभागात बरेच जण म्हणाले, इंजिनियरिंगला ती लागत नाही, जा आणि चाचणी घे. मॅडम मात्र ठाम होत्या. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी मला वाचायला लावली. त्यात अपंग व्यक्तींचा विचार विशेष संरक्षण लागणाऱ्या गटांमध्ये केला आहे. शेवटी एका मेडिकल कॉलेजच्या कमिटीने बाहेरचा अर्ज घ्यायची तयारी दाखवली. विद्यार्थ्यांसाठी फी 3,000 रुपये. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मी अर्ज दिला. प्रत्येक सभासदाला एक अशा बारा प्रती मागितल्या. झेरॉक्स आणि स्पायरलला 1,150 लागले. आराखडा, संमतिपत्र मराठी आणि इंग्रजीत, मराठीवरून पुन्हा इंग्रजीत केलेलं भाषांतर, गाइडचं पत्र, शाळेचं पत्र, माझा बायोडेटा, खर्चाचा तपशील, एवढं सगळं. शाळेचं पत्र सगळ्यात आधी मागा. माझा अर्ज त्या एका पत्रासाठी अकरा दिवस अडला, कारण विश्वस्तांची सभा महिन्यातून एकदाच होते.

डिसेंबरची बैठक कोरमअभावी झाली नाही. किमान पाच सभासद हजर लागतात. मी रोज मेल उघडून बघायचे. मैत्रिणींची चाचणी संपून प्रबंधाची प्रकरणं लिहून होत आली होती आणि माझं सुरूही झालं नव्हतं. त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नसे, हे लिहून ठेवते, कारण ज्यांचं असं अडकलं असेल त्यांना कळावं की हे होतं.

जानेवारी 2024 च्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलावलं. कमिटीत डॉक्टर होते, एक वकील होते, एक समाजसेविका होत्या. वकील सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुस्तकाची पानं वापरणार म्हणता, कॉपीराइटचं काय?" हा प्रश्न येईल असं मॅडमनी सांगितलं होतं म्हणून बरं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायची मुभा आहे. याच मुभेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला भारताने 2014 मध्ये मान्यता दिली, तीही सगळ्या देशांत पहिली. मी हे सांगितलं आणि त्यांनी मान हलवून पुढचं पान उलटलं.

फेब्रुवारीत शंकांचं पत्र आलं, सात मुद्द्यांचं. त्यातले तीन महत्त्वाचे. एक, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागेल. वसतिगृहातल्या मुलांचे आईवडील मराठवाड्यात, कोकणात. मी मुलांचा गटच काढून टाकला आणि फक्त प्रौढ ठेवले. दोन, लोकांची खासगी कागदपत्रं कुठे साठवणार? मी ॲप पूर्णपणे फोनवरच चालेल, इंटरनेट लागणार नाही आणि फोटो वाचून झाला की पुसला जाईल असं केलं. तीन, प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संमतीला साक्षीदार हवा.

हा तिसरा मुद्दा मी संगीताच्या सरांना सांगितला तेव्हा ते दुखावले. "पस्तीस वर्षं मी पगारपत्रकावर सही करतोय," ते म्हणाले. "मला वाचायला द्या, मी वाचतो आणि सही करतो." त्यांचं बरोबर होतं. ज्याला मजकूर वाचताच येत नाही त्याच्यासाठी साक्षीदाराची अट आहे. सरांना ब्रेल येतं. मग मी कमिटीला लिहिलं की ब्रेल येणाऱ्यांना संमतिपत्र ब्रेलमध्ये मिळेल, इतरांना त्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं जाईल, आणि साक्षीदार लागलाच तर तो ती व्यक्ती स्वतः निवडेल. कमिटीने हे मान्य केलं.

दोन पानांचं संमतिपत्र ब्रेलमध्ये सात पानांचं झालं. बारा प्रतींना 840 रुपये. मजकूर सॉफ्टवेअरने ब्रेलमध्ये बदलला होता, म्हणून मी निर्धास्त होते. शाळेतल्या ब्रेल शिकवणाऱ्या ताईंनी शेवटच्या पानावर बोट फिरवलं आणि थांबल्या. "इथे इ, ह, ब असं काहीतरी लिहिलंय." तो माझा फोन नंबर होता. ब्रेलमध्ये आकडे आणि पहिली अक्षरं यांचे ठिपके तेच असतात. आधी आकड्याची खूण आली की ते आकडे होतात. माझ्या फाइलमध्ये नंबर तोडून लिहिला होता आणि खूण गळली होती. म्हणजे ज्याला तक्रार करायची असेल त्याला माझा नंबरच मिळाला नसता. ब्रेल छापण्यापूर्वी ब्रेल वाचणाऱ्या माणसाकडून एक प्रत तपासून घ्या, सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो.

परवानगीचं पत्र 21 मार्चला हातात पडलं. अर्जापासून जवळजवळ चार महिने. जाण्यायेण्याचे प्रत्यक्ष झालेले पैसे, प्रत्येक फेरीला जास्तीत जास्त 300, द्यायला मंजुरी होती. ही रक्कम आराखड्यात आधीच लिहावी लागते, नंतर घालता येत नाही.

एप्रिलमध्ये चाचणी सुरू झाली. एकूण अकरा जण, प्रत्येकाकडे दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत ओळख आणि सराव, दुसरीत मी दिलेली पाच पानं आणि स्वतःला वाचायचा असेल असा एक कागद.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी एका काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं, फोन हातात घेतला आणि ॲप म्हणालं, "मजकूर सापडला नाही." पुन्हा तेच. मग माझ्या लक्षात आलं की खोलीत अंधार आहे. दिवा लावायचं त्यांना कारणच नव्हतं, आणि मी परक्या घरात संकोचून काही बोलले नव्हते. त्या रात्री ॲपला "उजेड कमी आहे" हे वाक्य शिकवलं आणि फ्लॅश आपोआप लागेल असं केलं. कोरी बाजू समोर असली तर "हे पान कोरं आहे, उलटा" हेही.

खरी अडचण त्याहून मोठी निघाली. मी सहा महिने अक्षरं ओळखण्याच्या चुका कमी करत बसले होते, पण पान कॅमेऱ्यात पूर्ण आलंच नाही तर चुका कमी करून उपयोग काय? ॲप सूचना द्यायचं: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. टेलिफोन ऑपरेटर ताईंना ॲप म्हणालं, "वर." त्यांनी फोन उचलला. "वर." आणखी उचलला. शेवटी त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि मला विचारलं, "वर म्हणजे छताकडे, की पानाच्या डोक्याकडे?"

मला उत्तर देता येईना. माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीन होता, स्क्रीनवर 'वर' एकच असतो. त्यांच्या समोर टेबल होतं, त्यावर आडवं पान होतं, आणि तिथे दोन 'वर' होते.

मार्गही त्यांनीच दाखवला. पान टेबलाच्या कडेला लावून ठेवायचं, फोन पानाच्या बरोबर मध्यावर कॅमेऱ्याची बाजू खाली करून ठेवायचा, कोपरं टेबलावर टेकवायची आणि फोन सरळ उचलायचा. किती? त्यांनी दुसऱ्या हाताची वीत पसरून मोजलं. एक वीत आणि वर अर्धी. फोन वाकडा होत नाही, हात थरथरत नाही, आणि ए-फोर पान पूर्ण मावतं. मी सगळ्या सूचना बदलल्या: "फोन उचला", "खाली घ्या", "पुढे सरकवा", "पोटाकडे ओढा". सरावाच्या फेरीत दीड वीत उंची शिकवायला लागले.

इथे कमिटीचा नियम आड आला. चाचणी चालू असताना सूचना बदलल्या म्हणजे आराखडा बदलला, आणि त्याची मंजुरी घ्यावी लागते. पत्र दिलं आणि 19 दिवस थांबले. आधीच्या चौघांचे आकडे वेगळे दाखवा असं सांगितलं गेलं. तुम्ही अर्ज कराल तेव्हा आराखड्यातच लिहा की पहिल्या काही फेऱ्यांनंतर सूचनांचे शब्द सुधारले जातील. एका वाक्याने माझे तीन आठवडे वाचले असते. त्यात 13 मे ला पुण्यात मतदान. शिक्षक निवडणुकीच्या कामात, शाळा बंद. शेवटच्या दोन फेऱ्या जूनमध्ये झाल्या.

आवाजाबद्दलही लिहायला हवं. मी गोड, माणसासारखा वाटणारा आवाज निवडला होता आणि समजावा म्हणून वेग कमी ठेवला होता. संगीताच्या सरांनी पहिल्या वाक्यालाच तो बंद करायला सांगितला. सुरांची एवढी जाण असलेल्या माणसाला ईस्पीक या मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा यांत्रिक आवाज हवा होता, तोही अशा वेगात की मला नुसती तडतड ऐकू येत होती. वेग वाढवला की गोड आवाजातले शब्द एकमेकांत मिसळतात, यांत्रिक आवाजातले सुटे राहतात, असं त्यांनी समजावलं. वेग आणि आवाज वापरणाऱ्याच्या हातात द्या.

आणि चुका मोजण्याबद्दल. एका पानावर ओळ होती, "आचाऱ्यांना आगाऊ पैसे दिले." ॲपने वाचलं, "आचार्यांना आगाऊ पैसे दिले." माझ्या तक्त्यात ही एका चिन्हाची चूक, ऱ च्या जागी र. ऐकणारे काका मात्र गोंधळले, की गुरुजींना कशाचे पैसे? वीजबिलावरचा एक आकडा चुकला तर तीही एकच चूक, पण बिलात वाचण्यासारखं तेवढंच असतं. म्हणून प्रबंधात मी दोन तक्ते दिले: अक्षरांच्या चुकांचा एक, आणि ऐकून माणसाला हवं ते कळलं की नाही याचा दुसरा. पहिल्या चौघांच्या 20 पानांपैकी 6 पानं पहिल्या फोटोत पूर्ण आली होती. सूचना बदलल्यावर उरलेल्या सातजणांच्या 35 पैकी 27 आली. अकरा माणसांवरून मोठा दावा करता येत नाही, तो मी केलेला नाही.

"ॲप कसं वाटलं" या प्रश्नाला सगळ्यांनी "छान आहे गं" म्हटलं. शेवटी विचारायचं सोडलं आणि शेजारी बसून फक्त बघत राहिले, त्यातूनच सगळं कळलं.

प्रबंधाला तीन महिन्यांची मुदतवाढ घेतली, सप्टेंबरअखेर जमा केला. शोधनिबंधाची अट होती. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या अशी शोधपत्रिका एकाने सुचवली, मॅडमनी नको म्हटलं, मग एका परिषदेत दिला. नोंदणी 7,500. डबा विकून आलेले वजा करता सगळा खर्च 21,000 च्या आसपास गेला, त्यातले 5,000 विभागाने दिले.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, यात नवीन अल्गोरिदम कोणता? नवीन अल्गोरिदम नाही, असं मी सांगितलं, आणि दोन्ही तक्ते त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दुसरा तक्ता बराच वेळ पाहिला, एका प्रकरणात दुरुस्त्या सांगितल्या आणि त्यासाठी पंधरा दिवस दिले.

दुरुस्त्या झाल्यावर मी कमिटीला समारोपाचा अहवाल दिला. हाही द्यावाच लागतो, बरेच जण विसरतात. मग शाळेत गेले. अकराही जणांना निष्कर्षांचं रेकॉर्डिंग आधीच पाठवलं होतं. संगीताच्या सरांनी चाचणीत आणलेला स्वतःचा कागद म्हणजे पुतणीच्या लग्नाची पत्रिका होती. निमंत्रकांत आपलं नाव आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. ॲपने "श्री" म्हटलं आणि पुढे काहीच्या काही वाचलं. अक्षरं सोनेरी वर्खातली, फ्लॅश पडला की नुसती चमक. तेव्हा मीच वाचून दाखवली होती. त्यांचं नाव तिसरं होतं, पुढे 'संगीत विशारद' लिहिलेलं.

या वेळी फ्लॅश बंद करून, पत्रिका खिडकीशी तिरकी धरून पाहिली. अर्ध्या ओळी आल्या. नावाची ओळ आली नाही. सर म्हणाले, "पत्रिका तू ठेव, लागेल." आता माझा कोड विभागातल्या पुढच्या वर्षीच्या मुलाकडे आहे, आणि राहिलेल्या कामांच्या यादीसोबत ती पत्रिकाही. जानेवारी 2025 मध्ये त्याला घेऊन शाळेत जायचं ठरलं.